माहीमचे मखदूम आणि त्यांचा न उघडलेला ग्रंथ

दर साली डिसेंबर महिना लागला म्हणजे कोपरखैरण्याच्या दुकानांतून व चहाच्या टपऱ्यांवरून माहीमच्या जत्रेची भाषा ऐकू येऊ लागते. तुर्भ्याच्या घाऊक बाजारातील व्यापारी, माथाडी वसाहतींतील कुटुंबे, खाडीकाठच्या जुन्या गावांतले आगरी व कोळी असे नाना तऱ्हेचे लोक वाशीस व वडाळ्यास गाडी बदलून माहीम गाठतात. दहा दिवस तेथे संदल निघतात. पहिल्या संदलाचा मान मुंबईच्या पोलिसांचा असतो. वाळूवर मोठाले पाळणे फिरतात आणि हलवा-पराठ्याच्या कढईभोवती माणूस मावत नाही. ज्यास नवस बोलावयाचा तो बोलतो, ज्यास फेडावयाचा तो फेडतो. त्यात हिंदू किती व मुसलमान किती ह्याची मोजदाद कोणी ठेवीत नाही. ह्या गर्दीतील एखाद्यास उभे करून विचारावे की, बाबा रे, ज्यांच्या कबरीवर तू चादर घालून आलास ते कोण होते? तो सांगेल की ते मोठे अवलिया होते, मातृभक्त होते, हाकेस धावणारे आहेत. हे उत्तर खोटे आहे असे आम्ही म्हणत नाही. पण ते अपुरे आहे, आणि नेमके तेथे अपुरे आहे जेथे त्या पुरुषाच्या आयुष्याचे बहुतेक श्रम खर्ची पडले. मखदूम अली माहिमी हे कुराणाचे भाष्यकार होते. एका वचनानंतर दुसरे वचन का आले, एक आज्ञा दिली ती कोणत्या हेतूने दिली, हे शोधीत त्यांनी ग्रंथ लिहिले. धर्माच्या बाबतीत 'का' हा शब्द उच्चारणे म्हणजे बेअदबी, असे समजणारे लोक आज सर्वच समाजांत वाढत असताना ह्या शेजारच्या पंडिताचे चरित्र आमच्या वाचकांपुढे ठेवणे आम्हांस अगत्याचे वाटते.

ह्यांचा जन्म इसवी १३७२ च्या सुमारास माहीम येथे झाला. त्या वेळी आजची मुंबई नव्हती. खाड्यांनी तोडलेली बेटे होती, त्यांतले माहीम हे नांदते बंदर होते, आणि त्यावर पुढे गुजरातच्या सुलतानांचे ठाणे बसले. घराणे नवायतांचे, म्हणजे अरबस्तानाकडून समुद्रमार्गे येऊन कोकणच्या किनाऱ्यावर स्थायिक झालेल्या मुसलमानांचे. वडिलांचे नाव शेख अहमद, आईचे फातिमा. आईचे माहेर नाखुद्यांचे होते, असे परंपरा सांगते. आमच्या वाचकांपैकी ज्यांचे पूर्वज गलबतांवर होते त्यांस नाखुदा म्हणजे काय हे सांगावयास नको. तात्पर्य, हा मनुष्य कोठल्या बादशाही राजधानीतला दरबारी मौलवी नव्हता. दिल्ली दूर होती, समुद्र जवळ होता; आणि त्या समुद्रावरून मिरी-मसाल्याबरोबर अरबी ग्रंथही येत-जात होते. कोकणी मुसलमान आजही शाफिई पंथाचे नियम पाळतात व उत्तरेकडील बहुसंख्य मुसलमान हनफी पंथाचे. ह्या भेदाचे कारणही हाच समुद्रमार्ग होय.

त्यांच्या बालपणाविषयी दोन कथा घरोघर ठाऊक आहेत. एक अशी की, आईने रात्री पाणी मागितले, मुलगा पेला भरून आणतो तो तिचा डोळा लागलेला. तिला उठवणे बरे नव्हे म्हणून तो पहाटेपर्यंत पेला घेऊन उभाच राहिला. ह्या कथेवर आम्हांस काही लिहावयाचे नाही. पुंडलिकाच्या देशात ती कोणासही पटेल. दुसरी कथा विचार करण्याजोगी आहे. वडील लवकर वारले, शिकवावयास कोणी राहिले नाही, तेव्हा ख्वाजा खिज्र रोज समुद्रकिनारी येऊन ह्या मुलास विद्या शिकवीत असत, अशी ती कथा. हा चमत्कार कोणी मानावा, कोणी न मानावा. पण लोकांनी ह्या मुलाचा गुरू म्हणून नेमके खिज्रांसच का निवडले असावे?

कुराणाच्या अठराव्या अध्यायात मूसा पैगंबर एका ज्ञानी पुरुषाच्या शोधात निघतात. ग्रंथात त्याचे नाव नाही. परंपरा त्यास खिज्र म्हणते. हा पुरुष गरीब नावाड्यांच्या होडीस भोक पाडतो, एका मुलास ठार करतो, आणि ज्या गावाने अन्न नाकारले त्या गावची पडती भिंत मजुरी न घेता उभी करून देतो. मूसांस प्रत्येक वेळी राहवत नाही. ते विचारतात, आणि प्रत्येक वेळी त्यांस धीर न धरल्याबद्दल बोल खावा लागतो. पण निरोप घेताना तो पुरुष तिन्ही कृत्यांची कारणे सांगून जातो. पुढे एक राजा धडधाकट होड्या बळजबरीने हिरावून घेत होता, म्हणून ही होडी सदोष केली. भिंतीखाली पोरक्या मुलांचे धन होते, म्हणून ती सावरली. त्या मुलाच्या मृत्यूचे दिलेले कारण आजच्या वाचकाच्या गळी सहज उतरणारे नाही, हे आम्ही लपवीत नाही. तथापि कथेचा रोख पाहावा. येथे कारण उशिरा मिळते, पण ते आहे, व ते सांगितल्यावाचून कथा संपत नाही. ज्या माहीमकरांनी आपल्या पंडितास ह्या गुरूच्या पदरी घातले, त्यांस त्याच्या ग्रंथांची दिशा बरीच कळली होती असे आम्हांस वाटते.

कारण मखदूमांचा एक ग्रंथ ह्याच कामास वाहिलेला आहे. त्याचे नाव 'इनआमुल मलिकिल अल्लाम'. विषय असा की, शरीयतच्या ज्या आज्ञा आहेत त्यांच्या पोटी कोणती हिकमत आहे. नमाज का, जकात का, एका गोष्टीस मुभा व दुसरीस मनाई का, ह्यांची उपपत्ती लावण्याचा तो यत्न आहे. अठराव्या शतकात दिल्लीच्या शाह वलीउल्लांनी ह्याच विषयावर लिहिलेला ग्रंथ सर्व इस्लामी जगात गाजला, आणि तो गाजावा अशाच योग्यतेचा आहे. परंतु त्याच्या सुमारे तीनशे वर्षे आधी माहीमच्या बेटावर एका कोकणी फकिहाने हा विषय हाती घेतला होता, हे आमच्यापैकी किती जणांस ठाऊक आहे? येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. शाफिई कायद्याचे सोपे पुस्तक म्हणून कोकणात जे 'फिक्हे मखदूमी' चालते, तेही ह्यांचेच. म्हणजे नियम सांगणारा व नियमाचे कारण शोधणारा एकच मनुष्य. नियम पाठ असले की कारणांची गरज उरत नाही, असे त्यांस वाटले नाही.

आता त्यांच्या मुख्य ग्रंथाकडे वळू. त्याचे पुरे नाव लांबलचक आहे. 'तबसीरुर्रहमान' ह्या पहिल्या शब्दाने तो ओळखला जातो, आणि 'तफसीरे रहमानी' असेही त्यास म्हणतात. हे कुराणाचे संपूर्ण अरबी भाष्य होय. कुराण वाचणाऱ्या नवख्या मनुष्यास पहिली अडचण ही येते की, विषय एकाएकी पालटतो. वारसाहक्काचा नियम चालू असता पैगंबरांची कथा येते, कथेच्या मध्यावर पावसाचे वर्णन येते. पुष्कळ भाष्यकारांनी प्रत्येक वचन सुटे घेतले, त्यातील शब्दांचा अर्थ दिला, त्याविषयीच्या जुन्या हकिकती लिहिल्या आणि ते पुढे गेले. मखदूमांनी वचनांचा एकमेकांशी संबंध काय, हा प्रश्न आपल्या भाष्याचा कणा केला. ग्रंथ जर ज्ञानी कर्त्याचा आहे तर त्याची रचना विस्कळीत असणार नाही. सांधा दिसत नसेल तर तो आपण शोधला पाहिजे, अशी त्यांची धारणा दिसते. कैरोकडील बिकाई नामक पंडित, जे १४८० साली वारले, ते ह्याच पद्धतीच्या भाष्याबद्दल फार नावाजले गेले. मखदूम हे त्यांच्या आधीच्या पिढीतले. हिंदुस्थानात विसाव्या शतकाच्या आरंभी आझमगडकडील हमीदुद्दीन फराही यांनी हा विचार पुन्हा नेटाने मांडला.

ह्या भाष्यातील एक विशेष सर्वांच्या ध्यानात येतो. कुराणाचे ११४ अध्याय. त्यांपैकी एक सोडून बाकी सर्वांच्या आरंभी परमेश्वराच्या दयाळूपणाचे तेच ते नाममंत्र येते, ज्यास बिस्मिल्ला म्हणतात. आपल्याकडे पत्राच्या माथ्यावर 'श्री' लिहितात तसे ते समजून वाचणारा पुढे सरकतो. मखदूम सरकत नाहीत. ते प्रत्येक अध्यायाच्या आरंभी त्याच शब्दांचा अर्थ त्या त्या अध्यायाच्या विषयाला धरून निराळा उलगडून दाखवितात. शब्द तेच, पण पुढे जे सांगावयाचे आहे त्याच्याशी त्या दयेचा काय संबंध, हे त्यांस प्रत्येक वेळी नव्याने सांगावेसे वाटते.

ही पद्धत काय करू शकते हे पाहण्यासाठी आम्ही एक उदाहरण घेतो. मखदूमांनी तेथे काय लिहिले ते आम्ही सांगत नाही; त्यांच्या वाटेने चार पावले आमच्या बुद्धीने चालून पाहतो. त्र्याऐंशीवा अध्याय मापात मारणाऱ्यांविषयी आहे. जे घेताना भरून घेतात व देताना तोलून कमी देतात, त्यांचा त्यात निषेध आहे. आता एवढ्या कडक अध्यायाच्या आरंभी दयेचे नाव कशासाठी? रागाचे नाव अधिक शोभले असते. पण बाजारात बसणाऱ्यास ह्याचे उत्तर सुचावयास वेळ लागू नये. ज्या बाईने दिवसाच्या मजुरीतून पावशेर डाळ घेतली तिच्या पिशवीतून दोन तोळे कमी झाले, तर दया कोणी कोणावर करावयाची? तराजू नीट धरला जाणे हीच तिच्यावरची दया. तेव्हा दया व न्याय ह्या दोन निराळ्या पेठा नसून एकाच काट्याची दोन पारडी आहेत, असा त्या अध्यायाचा अर्थ निघतो. पंचावन्नाव्या अध्यायात तर आकाश उंच उभारल्याच्या वर्णनाला लागूनच तराजू स्थापिल्याचे व मापात लबाडी न करण्याचे सांगितले आहे. आकाश कोठे व वाण्याचा काटा कोठे! पण जो दोहोंमधला सांधा शोधील त्यास दिसेल की, ग्रहतारे ज्या नियमाने चालतात व दुकानदार ज्याने तोलतो, तो नियम ह्या ग्रंथाच्या दृष्टीने एकच आहे. ह्यासाठी अरबी यावी लागते असे नाही. तेथे तराजूस मीजान म्हटले आहे, आणि आपण रोज ज्यास 'वजन' म्हणतो तो शब्द त्याच धातूचा आहे.

शब्दांचा विषय निघाला आहे तेव्हा आणखी थोडे. आपली मराठी 'अक्कल' अरबीतून आली. मूळ धातूत उंटाचा पाय दोरीने बांधून ठेवण्याचा अर्थ आहे. भटकू पाहणाऱ्यास जी आवरते ती अक्कल. कुराणात ह्या धातूची रूपे ४९ वेळा येतात आणि ती सर्व क्रियापदे आहेत. अक्कल हे नाम त्यात एकदाही येत नाही. म्हणजे बुद्धी ही कपाटात ठेवण्याची वस्तू म्हणून तेथे येत नाही, करावयाची क्रिया म्हणून येते. 'फिकीर' हाही तसाच शब्द. अरबीत त्याचा अर्थ विचार. त्याच मुळापासूनचे चिंतनवाचक क्रियापद कुराणात वारंवार भेटते. मराठीत येता येता आपण त्याची काळजी करून टाकली. 'हुकूम' आपण घेतला, 'हिकमत'ही घेतली. पण हिकमतीस युक्तीचा, कधी कधी तर लबाडीचाही वास लागला. मखदूमांच्या त्या ग्रंथाचा सारा विषय मात्र हुकूम व हिकमत ह्या दोहोंची जोडी जुळविण्याचा आहे. पुन्हा कुराणाच्या वचनास 'आयत' म्हणतात, आणि पाऊस, रात्रदिवस, गलबतास चालविणारा वारा ह्यांसही त्या ग्रंथात तोच शब्द आहे, कारण त्याचा अर्थ खूण. खूण पाहून थांबावयाचे नसते, ती ज्याकडे बोट दाखविते तिकडे जावयाचे असते.

ह्यावरून कोणी मखदूमांस आजच्या अर्थाचे बुद्धिवादी समजू लागेल तर ती चूक होईल. ते सूफी होते. दमास्कस येथे १२४० साली वारलेले इब्न अरबी हे त्यांचे आदर्श. त्यांच्या 'फुसूसुल हिकम' ह्या गहन ग्रंथावर मखदूमांनी टीका लिहिली, आणि सर्व अस्तित्व एकच आहे हा सिद्धांत त्यांस मान्य होता. आमच्या वाचकांस ह्यात अद्वैताचा भास होईल. दोन्ही गोष्टी सर्वस्वी एक नव्हेत, पण शेजारच्या खऱ्या. ग्रंथ ईश्वराचा आहे की नाही, ह्याविषयी मखदूमांच्या मनात शंका नव्हती, आणि त्यांची बुद्धी श्रद्धेच्या कुंपणाच्या आत काम करीत होती. कित्येक सुधारक मेलेल्या माणसांस आपल्या मताचा अंगरखा चढवून मिरवणुकीत बसवितात. ते आम्हांस पसंत नाही. परंतु कुंपणाच्या आत राहूनही प्रत्येक दगड उलटून पाहणे ही काही लहान गोष्ट नव्हे. श्रद्धा पक्की होती म्हणूनच त्यांस प्रश्नाचे भय वाटले नाही, असेही म्हणता येईल.

त्यांचे अखेरचे दिवस धामधुमीचे होते. १४३० च्या सुमारास बहामनी सरदाराने माहीमवर हल्ला करून ते घेतले व गुजरातच्या अहमदशहाने फौज व आरमार पाठवून परत मिळविले. ह्या रणधुमाळीच्या पाठोपाठ, हिजरी ८३५ मध्ये म्हणजे इसवी १४३१-३२ त, मखदूमांचा अंत झाला. ते माहीम येथेच दफन झाले. दर्गा उभा राहिला, वाढला. पोर्तुगीज आले व गेले, इंग्रज आले व गेले, जत्रा चालू राहिली. आणि ग्रंथ? तो हस्तलिखितांतून फिरत राहिला व अखेरीस हिजरी १२९५ त, म्हणजे १८७८ साली, दोन खंडांत छापून निघाला तो कैरोजवळच्या बुलाक छापखान्यात. माहीमच्या माणसाचे पुस्तक साडेचार शतकांनी नाईलच्या काठी छापले गेले.

येथे आमची मखदूमांविषयी एक तक्रार आहे, आणि ती आम्ही आदर राखून नोंदवितो. त्यांच्या जन्मापूर्वी सुमारे ऐंशी वर्षे, १२९० साली, नेवाशास ज्ञानेश्वरांनी गीतेचा अर्थ मराठीत सांगितला होता. गीता संस्कृतात राहिली असती तर शेतकऱ्याच्या वाट्यास फक्त तिच्या पोथीचा नमस्कार आला असता. मखदूमांनी अरबीत लिहिले. पंडितांच्या जगात त्यांचे नाव झाले, पण त्यांच्याच बेटावरील कोळणीस व बंदरावरच्या हमालास त्यांचा अर्थ कळला नाही. त्यांच्या वाट्यास चादर आली, ऊद आला, नवस आला. त्या काळी अरबी ही विद्येची भाषा होती हे आम्हांस मान्य आहे. पण ज्याची भाषा लोकांपासून दूर राहते त्याचे चमत्कारच लोकांजवळ उरतात.

आणि ह्याची किंमत कोण देतो? पुरुषाने एका दमात तीन शब्द उच्चारले आणि घर मोडले, असे ज्या बायकांच्या बाबतीत झाले त्यांनी ती दिली. कुराणाच्या चौथ्या अध्यायात नवराबायकोचे बिनसले तर दोन्हीकडचा एकेक पंच नेमून समेट करावा असे सांगितले आहे; घटस्फोटाच्या इतर वचनांत मुदती आहेत, थांबणे आहे, परत फिरण्यास जागा आहे. ही वचने एकास एक जोडून वाचली असती, म्हणजे मखदूमांनी वाचली त्या रीतीने वाचली असती, तर एका श्वासातील तलाकास त्यांत जागा कोठे आहे हा प्रश्न पूर्वीच उभा राहिला असता. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद येथील पूर्णपीठाने २००२ साली असे ठरविले की, तलाक दिला एवढे म्हणून भागणार नाही. त्यास कारण होते व समेटाचा यत्न झाला होता हे शाबीत केले पाहिजे. पुढे २२ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तीन विरुद्ध दोन मतांनी तत्काळ तिहेरी तलाक रद्दबातल केला, आणि बहुमतातील एका न्यायमूर्तींनी तो कुराणाच्याच शिकवणीविरुद्ध आहे असे कारण दिले. जे काम मदरशांत व घराघरांत व्हावयाचे ते कोर्टात करावे लागले.

मधल्या काळात ही वाट चाललेले लोक आमच्या भागात झालेच नाहीत असे नाही. माथेरान येथे १८९९ साली जन्मलेले व मुंबईच्या सरकारी लॉ कॉलेजाचे प्राचार्य झालेले असफ फैजी यांनी १९६३ च्या आपल्या इंग्रजी पुस्तकात धर्म आणि कायदा ह्यांची फारकत करावी, कुराणाचा अर्थ त्याच्या काळाची भाषा व इतिहास जाणून लावावा, असे स्पष्ट मांडले. रायगड जिल्ह्यातल्या गागोद्याचे विनोबा अरबी शिकले व त्यांनी १९६२ त कुराणाचे सार काढले. दोघेही आपापल्या परीने वाचकास सांगत होते की, ग्रंथ उघडा.

गेल्या जत्रेस आम्ही माहीमास गेलो होतो. चादरीची दुकाने होती, अत्तराची होती, खेळण्यांची होती. 'तफसीरे रहमानी' आम्ही चार दुकानांत विचारली. तीन ठिकाणी हसले. चौथ्या ठिकाणी एका वृद्ध गृहस्थांनी आम्हांस बसवून घेतले, नाव ऐकले आहे म्हणाले, आणि अरबी येते का असे उलट विचारले. येत नाही असे आम्ही सांगितल्यावर ते म्हणाले की, त्यांसही वाचता येते पण अर्थ लागत नाही. नव्या मुंबईत अरबी जाणणारे विद्वान आहेत आणि मराठी लिहिणारेही पुष्कळ आहेत. त्यांनी एकत्र बसून निदान ११३ ठिकाणच्या त्या बिस्मिल्लांचे अर्थ तेवढे मराठीत आणावेत, व आमच्या बाजारातील पाच-दहा व्यापाऱ्यांनी छपाईचा खर्च वाटून घ्यावा, अशी आमची सूचना आहे. पुढच्या डिसेंबरला अजून अवकाश आहे.